उस्मान तांडेलचा सवाब

"उस्मान कुठाय?" बोट कंपनीच्या एजंटसाहेबांनी धक्क्यावर छत्री आपटून विचारलं.

"मशिदीत," मी म्हटलं.

"मग नमाज संपली की पाठवा."

"साहेब, त्याची संपतच नाही. शिमग्यापासून तिथेच बसलाय."

एकोणीसशे तिसाच्या आसपासची ही गोष्ट. मी रत्नागिरी बंदरात बुकिंग क्लार्क होतो. त्या काळी मुंबईला जायचं ते आगबोटीने. आता ज्यांनी आगबोट पाहिलीच नाही त्यांना सांगायला हवं, की ती धक्क्याला लागत नसे. आमची 'महाराणी' बोट लांब पाण्यात उभी राही आणि उतारूंना आम्ही पडावातून, म्हणजे मोठ्या वल्ह्याच्या होडीतून, तिच्यापर्यंत पोचवायचो. पडावाचा मुख्य तो तांडेल. लाटेने पडाव वर उचलला की त्याच क्षणी माणूस बोटीच्या शिडीवर चढवायचा. क्षण हुकला की उतारू पाण्यात, ट्रंक पाण्यात, आणि शिव्या बुकिंग क्लार्कला! उस्मानचा क्षण कधी हुकत नसे.

आणि नेमका गणपतीच्या तोंडावर हा बाबा हातात तसबी घेऊन बसलेला. तसबी म्हणजे त्यांची जपमाळ. शिमग्याच्या गर्दीत त्याचा पडाव कलंडता कलंडता वाचला होता. तेव्हापासून त्याने वल्ह्याला हात लावला नव्हता. उन्हाळ्यात दर्या शांत, कुणीही पडाव नेई, आणि पावसाळ्यात बोटी बंदच असतात, म्हणून कोणी विचारलं नाही. आता बोटी सुरू झाल्या, दर्या अजून खवळलेला, आणि साहेबांना उस्मान आठवला.

मी राजिवड्याला त्याच्या घरी गेलो. त्याची बायको हमीदाबी ओटीवर सुंभ वळत होती. काथ्याने तिची बोटं सोलवटली होती.

"भाबी, त्याला जरा समजवा."

"मी काय समजवू, भाऊ? पोरां उपाशी निजतात म्हटलं तर बोलतो, अल्ला रोजी देणार. मी बोलले, देतो रे अल्ला, पण ती उचलायला हात तुलाच दिलेत ना?"

 मला उस्मानचा असा राग आला, की तसाच तडक मौलवीसाहेबांकडे गेलो. ते शिवणकाम करून पोट भरत. कुणाचा तरी सदरा बेतत होते. माझं ऐकलं, कात्री खाली ठेवली आणि मला घेऊन मशिदीच्या पायरीशी आले.

"उस्मान, तुझ्या घरची चूल कोण पेटवतं?"

"हमीदा."

"म्हणजे सवाबासाठी बसलास तू आणि कमावते ती." सवाब म्हणजे पुण्य. "अरे, बायकापोरांच्या तोंडी घास घालायला राबणं हीसुद्धा इबादतच, अल्लाची उपासनाच. नमाजाच्या वेळेला ये, नमाज पढ, आणि मधल्या वेळात कष्ट कर. तीही अल्लाचीच वाट. फक्त कमाई हलाल हवी, सचोटीची. कुणाचा जीव धोक्यात घालून नको."

उस्मान रडायला लागला. मग डोळे पुसून उठला आणि घराकडे चालू लागला.

मी धावत येऊन साहेबांना सांगायला लागलो. 'राबणं हीसुद्धा इबादत' एवढं ऐकताच त्यांनी मांडीवर थाप मारली. "वा! धर्म असावा तर असा!" पुढचं ऐकायला ते थांबलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी उस्मान पडावात हजर. उतारू चढू लागले. आमची रीत अशी, की पडावाचा काठ पाण्याला टेकेपर्यंत माणसं भरायची. काठ अजून चांगला वर होता, तोच उस्मानने हात आडवा केला.

"पुरे."

"पुरे काय? निम्मे अजून धक्क्यावर आहेत!" साहेब ओरडले.

"दुसऱ्या खेपेला नेतो."

"बोट काय तुझ्यासाठी थांबणार आहे?"

"बोट तुमची, साहेब. पडावातले जीव माझे. शिमग्याला तुम्ही भर म्हणालात, मी भरले. एक बाय पोरासकट दर्यात जाता जाता राहिली. ते पोर मला नमाजातही दिसायचं. असल्या कमाईचा घास पोरांना घातला तर सवाब कसला मिळणार?"

साहेबांनी मला बाजूला ओढलं. "ह्याला आधी परत मशिदीत नेऊन बसवा!"

पण आता कुठला बसतो! खेपा वाढल्या, बोटीचा कप्तान शिव्या घालू लागला, साहेब रोज त्याला काढायची भाषा करू लागले. काढला मात्र नाही, कारण उतारू उस्मानच्याच पडावाची वाट पाहत उभे राहायचे. हमीदाबीच्या चुलीवर पुन्हा भात शिजू लागला. एकदा तिने मला सोडे, म्हणजे सुकी कोलंबीही पाठवली.

गणपती झाले. परतीची गर्दी लागली आणि साहेब स्वतः सहकुटुंब मुंबईला निघाले. बरोबर म्हातारी आई. वारा सुटला होता. साहेब लोकांच्या रिवाजाप्रमाणे ते उशिरा आले.

"पुरे," उस्मान म्हणाला.

"अरे, मी एजंट आहे!"

"सलाम, साहेब. पुढच्या खेपेला पहिले तुम्ही."

पडाव निघून गेला. मी अदबीने पुढे झालो. "साहेब, तो दुसरा पडाव आहे की. त्यात हवी तेवढी माणसं मावतात."

साहेबांनी लाटांकडे पाहिलं, मग आईकडे. ट्रंकेवर बसले आणि छत्री उघडली.

"थांबतो," म्हणाले.

तेव्हापासून मी एक धडा घेतलाय. माणसाला कामाला लावायचं तर धर्म सांगू नये. तो खरंच धर्माने काम करायला लागतो.