गळ्याचा मोजा

वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. जळगावात एका डाळमिलमध्ये ते चाळणीवर होते. तिथे टरफलाची धूळ अशी उडायची की घरी आले की त्यांच्या भुवयासुद्धा पिवळ्या झालेल्या असायच्या, आणि मग खोकला सुरू. डॉक्टर म्हणाले, नाक-तोंड झाका. भाऊंनी रुमाल बांधला, तर मुकादम अंगावर ओरडला. त्याचंही बरोबर होतं. चाळणीला शाफ्टवरून पट्टा फिरायचा, आणि आदल्या वर्षी एका हमालाच्या उपरण्याचं टोक त्या पट्ट्यात गेलं होतं. हमालाचा हात खांद्यापासून गेला. रुमाल बांधावा तर पट्टा, न बांधावा तर धूळ. इकडे आड, तिकडे विहीर.

मी तेव्हा शिवणक्लास नुकता पुरा केला होता. एकोणीस वर्षांची होते आणि अंगात नुसता माज. क्लासमध्ये बाईंनी माझा ब्लाउज सगळ्यांना फिरवून दाखवला होता, मग काय विचारता! मी म्हटलं, टोकच नसलेलं काहीतरी शिवलं तर? टी-शर्टच्या ताणणाऱ्या कापडाची नळी. डोक्यावरून घालायची, गळ्यात बसवायची, धूळ उडाली की नाकावर ओढायची. गाठ नाही, टोक नाही, पट्ट्यात जायला काही नाहीच.

कटपीसवाल्याकडून निळं कापड आणलं. पहिली नळी आडवी कापायची ती उभी कापली, ती भाऊंच्या कानापाशीच अडकली. आई हसून हसून लाल झाली. "हा गळ्याचा मोजा शे का डोक्याचा?" आईचं माहेर धुळ्याकडचं, तिची भाषा शेवटपर्यंत तीच राहिली. नाव मात्र तेव्हापासून पडलं ते पडलं, गळ्याचा मोजा.

दुसरा बरोबर बेतला. आता खरी गोष्ट सांगते. आमच्या पायमशीनला सरळ टाकाच होता. ताणणारं कापड लांबतं, दोरा लांबत नाही, तो तुटतो. म्हणून असं कापड पुढून-मागून धरून, ताणत ताणत शिवायचं असतं. बाईंनी हे शिकवलं होतं आणि मला ते पाठ होतं. पण ताणून शिवलं की शिवणीला लाटा पडतात, ती कुरूप दिसते. माझ्या हातची शिवण आणि कुरूप? छे! मी न ताणता शिवली. रूळ ठेवून ओढल्यासारखी सरळ आली. भाऊंनी घातला, नाकावर ओढला, आरशात बघितलं आणि म्हणाले, "डाकू दिसतो की गं." दुसऱ्या दिवशी मिलमध्ये चौघांनी विचारलं, कुठून आणला. खोकला आठवड्याभरात निम्म्यावर आला. मी गल्लीत नाक वर करून हिंडत होते.

खंडेनवमीला सकाळीच आईने हत्यारांची पूजा मांडली. मशीनला झेंडूचा हार, कात्रीला हळदकुंकू, सुया-दोऱ्याचा डबासुद्धा पाटावर. आमच्याकडे दसरा उलटला की दुसऱ्या दिवशी, म्हणजे नवमीपासून तिसऱ्या दिवशी, आंघोळ करून आई पूजा उचलायची. तोवर हत्याराला हात लावायचा नाही. दुपारी भाऊ मिलची पूजा करून आले. मोजा हातात, शिवण वरपासून खालपर्यंत उसवलेली.

"घालताना कटकट वाजलं बघ," ते म्हणाले. चूक त्यांचीच असल्यासारखे बोलले.

आणि मी काय म्हणावं? "भाऊ, जरा हळू नाही का घालता येत?" जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

मी मशीनकडे गेले तर आई आडवी आली. "हात नको लावू वं. पूजा शे." मी पाय आपटले, पण मागे फिरले. इथपर्यंत कुणी मला दोष देणार नाही. पण भिंतीवरच्या कॅलेंडरला एक सुई टोचलेली होती, निळा दोरा ओवलेली. ती पूजेत नव्हती. मला ती दिसली होती, दोन दिवस येता-जाता दिसत होती. हातानेच शिवण घातली असती तर अर्ध्या तासाचं काम. पण हातची शिवण ओबडधोबड दिसली असती, मिलमध्ये लोकांनी बघितली असती. शिवाय दसरा, नवी साडी, मैत्रिणींकडे सोनं वाटायला जायचं. परवा मशीनवर नीट करू, म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला भाऊ निघाले. नव्या उडदाची आवक जोरात होती, सुट्टी शक्यच नव्हती. पूजा अजून पाटावरच. त्यांनी जुना रुमाल गळ्याला बांधला आणि फाटका मोजा घडी करून खिशात ठेवला. आई म्हणाली, "रुमाल काढी ठेवा." ते तिच्याच भाषेत म्हणाले, "टोकं खोसस ना मी. बठ्ठं ठीक शे," आणि रुमालाची टोकं सदऱ्यात खोचली.

दहाच्या सुमारास सायकलवरून माणूस आला. तेव्हा आई पाटावरचे झेंडू गोळा करत होती.

मुकादमाने बटण बंद केलं म्हणून जीव वाचला. पण रुमालाने गळा आवळला होता, आतली नळी चेचली होती. दीड महिन्याने भाऊ घरी आले. गळ्याभोवती दोरासारखा काळा वण, आणि आवाज गेला तो गेलाच. कोपऱ्यावरूनच "चहा टाक गं!" म्हणून हाक मारणारा माणूस. आता दारात उभं राहून टाळी वाजवायचे.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी तो मोजा माझ्यापुढे धरला. दवाखान्याच्या पिशवीतून कपड्यांबरोबर परत आला होता. मी मशीनवर बसले आणि त्यांच्यासमोर शिवला, पुढून-मागून धरून, ताणत ताणत. दोनदा टीप मारली. लाटा पडल्या. ती शिवण पुन्हा कधी उसवली नाही. मिल सुटली होती, धुळीचा प्रश्न उरला नव्हता. ते तो वण झाकायला घालायचे. लग्नाकार्यात, उन्हाळ्यात, अंगाची लाही होत असली तरी. माझ्या लग्नातही पाहुण्यांसमोर तो काढला नाही.

भाऊ जाऊन आता बरीच वर्षं झाली. आई अजून मला समजावते, "इतली वर्षं झाली, पण भाऊ तुले एक शबद बोलले नही."

बोलणार कशाने होते, आई?