स्पिरिटचा बोळा

फोटो स्टुडिओ बंद करून मामांना नऊ वर्षं झाली, पण स्वस्थ बसणं काही त्यांच्या नशिबी नाही. मागच्या खोलीतल्या निगेटिव्हना आंबूस वास यायला लागला, पट्ट्या वळायला लागल्या, तसा त्यांनी स्कॅनर आणला. फिल्म नासायच्या आत सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं, हा एकच ध्यास. चाळीस वर्षांचं काम होतं, त्यांचं आणि मामीचं. मामा फोटो काढायचे, मामी रिटचिंग करायची. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने बारीक ठिपके देऊन लोकांचे डाग, वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायची. आता तिचा हात थरथरतो. ते काम पुन्हा होणे नाही.

तीन वर्षं मी हा उद्योग बघतोय. पट्टी घ्यायची, स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची, काचेवर ठेवायची, नंबर टाकून साठवायची. दोन हार्ड डिस्कवर प्रती, त्यातली एक आमच्या घरी. "एवढं घासताय कशाला?" म्हटलं, तर म्हणाले, "धुळीचा एक कण पडद्यावर धोंड्याएवढा दिसतो. तुला काय कळतंय त्यातलं?" त्यांच्याशी वाद घालायचा म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं. चित्र उमटलं की ते फक्त नंबर तपासत. चेहरे बघण्याइतकं ना डोळ्यांत त्राण उरलं होतं, ना अंगात.

परवा मामी सहज त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. पडद्यावर एक नवरी होती.

"अहो, हिचे देवीचे वण कसे काय दिसतायत?"

"होते म्हणून दिसतायत."

"मी घालवले होते ते. दोन दिवस बसले होते."

मामांनी हातातल्या बोळ्याकडे पाहिलं. तो करडा झाला होता. तीन वर्षं ते त्या करड्या शिशाला धूळ समजत होते.

मला त्यांचा संताप आला आणि कीवही. जिच्या शेजारी बसून जन्म काढला, तिची पेन्सिल कुठे लागते हे माणूस विसरतोच कसा? थकला की विसरतो, दुसरं काय.

मामांनी बोळा बाजूला ठेवला आणि कोपऱ्यातल्या, राहिलेल्या दोन डब्यांकडे बोट दाखवलं.

"यांना बोळा लावत नाही. धूळ तर धूळ. यात तुझं किती काम असेल?"

"काहीच नाही," मामी म्हणाली. "ते शाळांचे ग्रुप फोटो आहेत. एवढ्याशा चेहऱ्यांना मी कधी हात लावला नाही."