कुंदाताईंकडे उरलेली भाषा

फोन आला तेव्हा मी मोहालीच्या आठवडी मंडीत दोडके निवडत होते. भावोजींचा आवाज सपाट होता. "कुंदा गेली हो. आज सकाळी." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "काही बोलल्या का?" एखाद्याची बायको गेल्याचं ऐकून कुणी असं विचारतं का? पण मला काय विचारायचंय ते भावोजींना बरोबर कळलं. "बोलली," ते म्हणाले, "पण मराठीत नाही..." मी दोडके परत टोपलीत टाकले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी रडू आलं नाही, भीती वाटली. महिना होऊन गेला, अजून वाटते.

कुंदाताई अमरावतीच्या आणि मी कराडची, म्हणजे गावाकडं असतो तर आमची गाठही पडली नसती. त्यांचे यजमान केंद्र सरकारच्या एका कार्यालयातून निवृत्त झाले आणि इथंच राहिले. आमचे हे बदलीवर आले, मग आम्हीही चिकटलो. त्यांच्या यजमानांना मी भावोजी म्हणते. मी मुळात भित्री. गाडी चालवायला भिते, लिफ्टला भिते, डॉक्टरांना तर लांबूनच नमस्कार. "बाप्पा! एवढी भेऊन काऊन राहिली तू?" असं म्हणत कुंदाताई माझा हात धरून रस्ता ओलांडायच्या. पण त्यांच्याही पोटात एक भीती होती आणि ती फक्त रविवारी, कॅनडातल्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला की बाहेर पडायची. नात रेवा सहा-सात वर्षांची. तिला मराठी कळायची, पण बोलायची सगळं इंग्रजी, आणि तेही धबधब्यासारखं. कुंदाताई नुसत्या मान डोलवायच्या आणि मधूनमधून "गुड गर्ल, गुड गर्ल" म्हणायच्या. कॉल संपला की पदरानं कपाळ पुसायच्या. एकदा म्हणाल्या, "आजी म्हणजे मान हलवणारी एक बाई, एवढंच त्या पोरीच्या ध्यानात राहिलं तर वो?"

म्हणून त्या साठीच्या उंबरठ्यावर क्लासला गेल्या आणि सोबतीला मला ओढलं. चंदीगडमध्ये इंग्रजीचा क्लास म्हणजे कॅनडाचा क्लास. वर्गात सगळी पंजाबी पोरं, वीस-बावीस वर्षांची, व्हिसाकडं डोळे लावून बसलेली. सगळ्यांना वाटायचं, या आंटीही निघाल्या. सर तरुण होते. तयार वाक्यं द्यायचे आणि म्हणायचे, "रट लो जी, काम बन जाएगा." सगळे रटायचे, मीही. कुंदाताईंना ते पटेना. वाक्यात हा तुकडा आधी का, तो मागून का, हे कळल्याशिवाय त्या पुढं सरकायच्या नाहीत. सर एकदा हात जोडून म्हणाले, "आंटी जी, कनाडा में 'क्यों' कोई नहीं पूछता." वर्ग हसला. कुंदाताईही हसल्या, पण घरी येऊन त्यांनी ओट्यावर वाट्या मांडल्या. कर्त्याची वाटी, क्रियेची वाटी, कशाला, कुठे, केव्हा, का, अशा. वाक्य म्हणायचं आणि वाट्या सरकवायच्या. आपलं क्रियापद शेवटी निवांत येतं, इंग्रजीतलं मात्र कर्त्याच्या पाठोपाठ घुसतं, याचं त्यांना फार नवल वाटायचं. पुढं पुढं एका वाक्याच्या पोटात दुसरं वाक्य बसवायला लागल्या, तेव्हा मोठ्या पातेल्यात छोटं पातेलं आलं. भावोजी जेवायला यायचे तर ओट्यावर सगळी भांडी व्याकरणाला लागलेली! "आज वाक्यंच वाढणार का?" असं विचारून ते निमूट पेपर वाचत बसायचे. वर्षभरात कुंदाताई सावकाश, थांबत थांबत, पण स्वतःची वाक्यं बोलायला लागल्या. रटलेलं एकही नाही.

मग थंडीत तो दिवस आला. दुपारी मी त्यांच्याकडं गेले तर दार उघडताना त्यांचा उजवा हात लोंबकळत होता आणि तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे मात्र पूर्ण जागे होते. त्या डोळ्यांत जी भीती होती ती मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. इस्पितळात कित्येक दिवस त्यांच्या तोंडून आवाज नव्हता. भावोजी उशाशी बसून "कुंदा, ए कुंदा" करत राहायचे. आणि एका सकाळी त्या बोलल्या. नर्सकडं बघून, एकेक शब्द ठेवत, "आय वॉन्ट वॉटर... बिकॉज माय माउथ इज ड्राय." नर्स खूष झाली, "मैडम तो प्रोफेसर लगती हैं जी!" भावोजींनी आनंदानं त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "कुंदा, अगं बोललीस! मी आहे इथं, बघ." कुंदाताईंनी त्यांच्याकडं पाहिलं. ओळख पूर्ण होती, माया होती. पण शब्द पोचलेच नव्हते. कपाळाला आठ्या घालून त्या म्हणाल्या, "प्लीज स्पीक स्लोली."

ते पुन्हा सावकाश बोलले. मीही बोलले. अमरावती म्हटलं, रेवा म्हटलं, तेव्हा नावं तेवढी कळली. बाकी आमची मराठी त्यांच्या चेहऱ्यावरून ओघळून जात होती. डॉक्टर म्हणाले, असं क्वचित होतं. जन्मापासून आपोआप आलेली भाषा आणि मोठेपणी कष्टानं शिकलेली भाषा डोक्यात वेगवेगळ्या ठिकाणी असू शकते. घाव एकीवर बसला, दुसरी वाचली. मराठी परत येईल का? "येऊ शकेल. तोवर जे त्यांना समजतंय त्यातच बोला. मराठी बोलून त्यांना घाबरवू नका." आपल्या बायकोशी मराठी बोलू नका, ती घाबरेल... हे ऐकून त्या गृहस्थांचं तोंड असं पांढरं पडलं की मीच खुर्ची पुढं केली.

भावोजींचं इंग्रजी म्हणजे सगळं सरकारी. आयुष्यभर फायलींवर शेरे मारलेले. "काइंडली टेक युवर मेडिसिन," असं ते बायकोला म्हणायला लागले. "द डॉक्टर इज एक्स्पेक्टेड शॉर्टली." कुंदाताई हसायच्या, वाकड्या तोंडानं, पण मनापासून. मला व्हरांड्यात गाठून ते म्हणाले, "रागावणं, चिडवणं, जवळ घेणं, सगळं आमचं मराठीत झालंय हो. इंग्रजीत मी तिच्याशी काय बोलू?" कुंदाताईंना घरी आणलं त्या रविवारी रेवाचा कॉल आला. पोरगी नेहमीसारखी सुटली आणि या वेळी आजी वाक्याला वाक्य देत गेली. शाळेतल्या बर्फाबद्दल विचारलं, पडलेल्या दाताबद्दल विचारलं. रेवा ओरडली, "आजी, यू टॉक सो मच नाउ!" तिच्या आनंदाला पारावार नव्हता. ज्याच्यासाठी वर्षभर वाट्या सरकवल्या होत्या ते सगळं हाती आलं होतं. पलीकडे मुलगा तोंड फिरवून रडत होता. इकडे भावोजी आणि मी भिंतीला टेकून उभे होतो.

मी रोज जायचे. आज एखादा शब्द फुटेल, उद्या फुटेल, अशी वाट बघायची. शेवटच्या भेटीत मी चुकून विचारलं, "वेणी घालू का ताई?" त्यांची नजर भेदरली. मी घाईघाईनं मोडकंतोडकं इंग्रजी केलं. त्यांनी ते आधी दुरुस्त केलं आणि मग केस माझ्या हातात दिले. केस पांढरे, मऊ, खोबरेलाचा वास येणारे. अमरावतीच्या बाईचे केस. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धांगाचा दुसरा झटका आला.

तेव्हापासून मी मंडीत भाज्यांची नावं मराठीतच पुटपुटते. दोडका, घोसाळं, तांबडा भोपळा. भाजीवाला 'तोरी' म्हणाला आणि मला 'दोडका' लगेच आठवला नाही, तर तो आठवेपर्यंत तिथून हलत नाही. सकाळी आरशासमोर दोन्ही हात सारखे वर जातात का बघते. हे मला वेड्यात काढतात. काढोत.

मागच्या आठवड्यात भावोजींकडं गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. ते स्वयंपाकघरात गॅसपाशी, माझ्याकडं पाठ करून उभे होते. "आय अॅम मेकिंग टी," ते म्हणाले, "विल यू हॅव सम?" फायलीतला एकही शब्द नसलेलं, साधं, सरळ वाक्य. मला वाटलं माझी चाहूल लागली. "घेईन की अर्धा कप," मी म्हटलं. ते दचकून वळले. आतल्या खोलीकडं एकदा बघितलं, मग माझ्याकडं.

"तुम्हाला नव्हतं विचारलं," ते ओशाळून म्हणाले. आधणात चहाची पूड टाकली. "मराठीत विचारायला धीर होत नाही हो... अजूनही तिला नाही कळलं तर?"