शकुबाईच्या उंबरठ्याखालची माती

राजुऱ्याबाहेरचा अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्यांचा कारखाना कधीच बंद पडला. तिथं आता काचेची इमारत उभी राहते आहे आणि तिच्या भोवतीच्या रोपांना पाणी घालायचं काम शकुबाईकडे आहे. याच कारखान्याच्या चाळीत तिचा संसार झाला. इथंच दिव्यानी जन्मली आणि रीतीप्रमाणे तिची नाळ शकुबाईनं उंबरठ्याखाली पुरली. चाळ कंपनीची, जमीन कंपनीची. पण नाळ पुरताना सातबारा कोण पाहतो?

पुढे दिव्यानीनं आपल्या पसंतीनं हैदराबादच्या पोराशी लग्न केलं. बाप लटारू भडकला. "पुन्हा हा उंबरठा चढायचा नाई," म्हणाला. पोरगीही बापाचीच. लटारू पत्र्यांच्या धुळीनं खोकत खोकत गेला, तेव्हा ती रस्त्यावरूनच दर्शन घेऊन परत फिरली.

फोन मात्र यायचा. "आई, तूच ये ना इकडं."

"तुही नाळ इथी हाय. तुले यावंच लागन."

नाळ माणसाला ओढून आणते, यावर शकुबाईचा पक्का विश्वास. चाळ पाडली, विषारी धुळीची माती खणून नेली, तरी ती बाजूच्या वस्तीत खोली करून जागेला चिकटून राहिली. एवढ्या मोठ्या आवारात आपला एक उंबरठा सुटला असेलच, असं तिला वाटायचं.

परवा निकेश नावाचे साहेब आले. इमारतीला पर्यावरणाचं प्रमाणपत्र हवं होतं, आणि जागेवरचं विष आधीच काढलेलं असेल तर त्यात एक गुण मिळतो म्हणे. जुनी माती सापडली तर तो गुण गेला. चाळ कुठं होती, त्यांनी विचारलं. शकुबाईनं त्यांना सरळ चाळीच्या जुन्या विहिरीसमोर आपल्या दाराच्या जागी नेलं.

"इथी खणा."

गुण गेला तर जाऊ दे मेला! तिला खाली आपल्या उंबरठ्याची जुनी काळी माती दिसायला हवी होती.

खणलं तर वर बाहेरून आणलेली लाल माती, खाली तीच, मग थेट खडक. निकेश खूश. "एकदम स्वच्छ, बाई!"

"अन् इथची माती?"

"पोत्यांत बंद करून लांब नेऊन पुरली. तिथं कोणाला जाऊ देत नाहीत."

शकुबाई खड्ड्याच्या काठावर बसली. "त्यात माह्या पोरीचं होतं जी," एवढंच म्हणाली आणि रडली. काम चांगलंच झालं होतं. त्या धुळीनं माणसं खाल्ली, तिचा नवराही खाल्ला. हे सगळं तिला कळत होतं, तरी रडू थांबेना.

संध्याकाळी तिनं स्वतःहून फोन लावला.

"दिव्या, इथी तुह्यं काईच नाई राह्यलं. उंबरठा नाई, नाळ नाई."

"मंग, आई?"

"मंग काय? आता मलेच ओढ लागून राह्यली. बल्लारशावरून गाडी कोणती पकडू, सांग."