अकरा सलाम

सेनेवरला आवाज अल्लाने दिला होता, पण ती म्हणायची की तो तिने स्वतः कमावलाय. आमच्या दोघींचं कधी पटलं नाही, त्याची सुरुवात तिथूनच झाली.

मी लग्न होऊन चीनच्या सरहद्दीजवळच्या गुल्जाला त्या घरात आले तेव्हा ती दहा वर्षांची होती. ह्यांची एकुलती एक बहीण. सासूबाई कुराण पढणाऱ्या. गल्लीत मौत झाली की पहिलं बोलावणं त्यांना यायचं. मुलीनेही पुढे तेच करावं असं त्यांच्या मनात होतं. सेनेवर आयत म्हणायला लागली की अंगणातल्या बायका हातातलं काम खाली ठेवत. मी वाढवून सांगत नाही. मला ती आवडत नव्हती, तरी एवढं सांगते.

मग हिला ह्यांनीच हौसेने रशियनांच्या शाळेत घातलं. तीन वर्षांत ती गळ्यात लाल रुमाल बांधून घरी आली आणि सासूबाईंना म्हणाली, "आई, वर कुणी नाहीये. जे आहे ते इथे खाली, आणि तेही आपल्यालाच करायचंय."

सासूबाई पीठ मळत होत्या. म्हणाल्या, "बरं. मग खालची भांडी घासून टाक."

त्या वर्षांत रशिया म्हणजे चीनचा थोरला भाऊ, असं आमच्या भिंतीभिंतीवर लिहिलेलं असायचं. मिरवणूक निघाली की सेनेवर पुढे, कागदाचा भोंगा तोंडाला लावून. पुढे त्या दोघा भावांचं फाटलं. का ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. दोघांची पोथी एकच, तिच्यात अल्लाचं नाव नाही, आणि भांडण काय, तर ती बरोबर कोण वाचतो. भिंतीवरचा थोरला भाऊ एका दिवसात चुन्याखाली गेला. सेनेवरने मात्र तो सोडला नाही. घरातला सोडला.

सन बासष्टच्या वसंतात उपाशी माणसं गाड्यांनी, घोड्यांवर, पायी, रशियाच्या सरहद्दीकडे चालली होती. सेनेवर नवऱ्याबरोबर निघाली. कडेवर क्लारा, दोन वर्षांची. दारात उभी राहून ह्यांना म्हणाली, "दादा, चला. तिकडे पाव मिळतो. दवाखान्यात कुणी हाकलत नाही."

"आणि आईची कबर?" हे म्हणाले.

"कबर जेवायला घालत नाही."

मी म्हटलं, "सेनेवर, जायचं तर जा. तोंड आवर."

"वहिनी, तुम्हाला इथे कुजायचंय तर कुजा. दादाला का धरून ठेवलंय?"

"मला धरता आलं असतं तर तुला शाळेतच जाऊ दिलं नसतं."

त्यानंतर आम्ही दोघी एकमेकींशी बोललो ते पंचवीस वर्षांनी.

ती गेली आणि सरहद्द बंद झाली. मग दोन्हीकडून रेडिओ सुरू झाले. तिकडचा आमच्या भाषेत बोलायचा. एका संध्याकाळी हे तारा जुळवत बसले होते, मी शेवया ओढत होते, आणि खरखरीतून सेनेवर बोलली. तिकडच्या कुठल्याशा केंद्रात ती निवेदिका झाली होती. आमच्याकडे लोक कसे उपाशी आहेत, कुणाला कसं डांबलंय, हे ती सांगत होती. होतं ते खरंच. पण आम्ही ते रोज गिळत होतो, आम्हाला आणि वेगळं काय सांगायचं. तिकडचं मात्र सगळं गोडगोड. गायी दूध देतात, तेही ठरल्यापेक्षा जास्त.

शत्रूचा रेडिओ ऐकला तर माणसाला उचलून नेत. मी ह्यांना म्हटलं, बंद करा. हे डोक्यावरून गोधडी घेऊन, डब्याला कान लावून बसायचे. म्हणाले, "मी बातम्या ऐकत नाही. तिचा आवाज ऐकतो."

सन सदुसष्टची ईद. म्हणजे नावाची, नमाज बंद होती, दारं लावून लोकांनी एकमेकांना मुबारक केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सेनेवरने रेडिओवरून पत्र वाचलं, तिकडे गेलेल्यांनी इकडच्या नातेवाइकांना लिहिलेलं. पत्र तिचं स्वतःचं होतं.

आमच्यात पत्र म्हणजे अर्धे सलामच. थोरल्यापासून सुरुवात करायची, एकेकाचं नाव, बापाचं नाव, ठिकाण, सगळं यायला हवं. एखादा राहिला तर ते घर दोन दोन वर्षं रुसतं. सेनेवरने देव सोडला, आईचं पढणं सोडलं, ही रीत काही सोडली नाही. शांतपणे, एकही शब्द न अडखळता तिने वाचलं, "चामडेबाजाराच्या मागच्या गल्लीतले माझे थोरले भाऊ हामुत अबलीज यांना सलाम. त्यांच्या घरातून आमच्या वहिनी हासियत यांना सलाम. समोरचे न्हावी सिदिकचाचा यांना सलाम. ज्यांच्या हातावर माझी क्लारा जन्मली त्या सुईणबाई पातेम यांना सलाम." असे अकरा.

ह्यांनी गोधडी बाजूला केली. घामाने चेहरा चमकत होता. "माझं नाव आधी घेतलं," हे म्हणाले. थोड्या वेळाने परत म्हणाले, "सगळ्यांच्या आधी."

आणि मला बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. मनात आलं, पोरगी एवढी शिकली पण रीत विसरली नाही. तेवढं पाप माझंही आहे.

चार दिवसांनी पोलीस आले. हातात कागद होता आणि त्यावर नावं त्याच क्रमाने होती. बापाचं नाव, गल्ली, धंदा. त्यांना शोधायचं काही उरलंच नव्हतं. ह्यांना कोळशाच्या खाणीवर धाडलं. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांचा कोट परत आला, हे आले नाहीत. सिदिकचाचांची बोटं अशी मोडली की पुन्हा वस्तरा धरता आला नाही. सुईणबाईंना लांबच्या शेतावर धाडलं, त्यांचं पुढे काय झालं ते कळलं नाही. अकरातला एक मोची तर सलाम मिळायच्या आधीच वारला होता; त्याच्या जागी जावयाला नेलं. माझ्या डोक्यावर कागदाची उंच टोपी घातली, तिच्यावर लिहिलं 'शत्रूच्या रेडिओची भावजय', आणि आठ दिवस बाजारात फिरवलं. ज्या बायका माझ्याकडून खमीर मागून न्यायच्या त्या माझ्या अंगावर थुंकल्या. त्यांचाही इलाज नव्हता.

सेनेवरचं बोलणं चालूच होतं. मी रेडिओ विहिरीत टाकला होता, पण भिंतीपलीकडून कुणाच्या तरी घरातून ऐकू यायचा.

बावीस वर्षं ती बोलली. मग दोन्हीकडच्या मोठ्या लोकांनी एकमेकांशी हातमिळवणी करायचं ठरवलं, आणि तिचं कामच संपलं. एका कागदावर सही घेऊन तिला घरी बसवलं. नवरा केव्हाच दुसरीकडे गेला होता. शहर सोडून ती तिकडच्या बाजूला, सरहद्दीजवळच्या पानफिलोवच्या अलीकडे आमच्या लोकांच्या गावात राहायला आली, सफरचंदाच्या वाडीत. सत्याऐंशीत क्लाराचं पत्र आलं. 'मामी, आईच्या पोटात पाणी झालंय. तुम्हाला बोलावते आहे.' खाली सलाम होते, नावं नव्हती.

मी दोन महिन्यांचा परवाना काढला. तिला बघायला गेले असं कुणी समजू नये. तिच्या तोंडावर बोलायला गेले.

सेनेवर ओसरीवरच्या चौथऱ्यावर उशांना टेकून बसली होती. पिवळी, पोट एवढं फुगलेलं. भिंतीवर बिल्ले ओळीने टाचलेले.

"वहिनी, म्हाताऱ्या झालात," ती म्हणाली.

"तूही काही नवरी दिसत नाहीस."

क्लाराने मिठाचा दुधाळ चहा आणला. सेनेवरने विचारलं, "वाटेत त्रास नाही ना झाला?"

"तुला ठाऊक असेल. आमच्याकडचं तुला सगळं आमच्या आधी कळायचं."

क्लारा कप ठेवून आत गेली. तीन दिवस आमचं हे असंच चाललं. मीठ कमी पडलं तरी मी टोमणा मारायची, आणि तीही उसना ठेवायची नाही. चौथ्या दिवशी दुपारी सेनेवर म्हणाली, "मी खोटं काही वाचलं नाही. तुमच्याकडचा एक शब्द खोटा नव्हता."

"नव्हता."

"मग दादाला कोळशात कुणी घातलं? मी?"

"त्यांनी घातलं. पत्ता तू दिलास."

"संपादक म्हणाला, नावं घ्या, नाहीतर लोक म्हणतील पत्र बनावट आहे. मी म्हटलं, घ्यायची तर सगळी घेते. दादाचं घेऊन सिदिकचाचांचं टाळू? काय म्हणाले असते ते? मला कळलं नाही, वहिनी."

"काय कळलं नाही? रेडिओ ऐकला म्हणून तिकडे लोकांना धरतात, हे रोज संध्याकाळी कोण सांगत होतं?"

तिने गोधडी छातीपर्यंत ओढली.

"तेव्हा तुला काय वाटायचं, सेनेवर? कुणाला धरत असतील?"

तिने तोंड भिंतीकडे केलं. तशीच म्हणाली, "मला सगळ्यांकडून राजी हवंय."

आमच्यात मरणाऱ्याने शुद्धीत असताना शेजारपाजार, सगेसोयरे बोलवायचे आणि एकेकाकडून 'राजी आहे', म्हणजे मनात तुझ्याबद्दल काही ठेवलं नाही, असं वदवून घ्यायचं. एखादा नाही म्हणाला तर ते ओझं घेऊन जावं लागतं. मी म्हटलं, "वर कुणी नाही म्हणणारीला राजी कशाला?"

"कशाला ते मला माहीत नाही. हवंय."

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर सात-आठ बायका जमल्या. दाराबाहेर गावचे मुल्ला, म्हातारे, काठी टेकून. सेनेवरने एकेकीकडे बघून विचारलं आणि एकेक जण म्हणाली. शेजारची तुर्सुनाय म्हणाली, "राजी आहे. माझी कोंबडी तू दगड मारून मारलीस, तीही सोडली."

"तुझ्या नवऱ्याने मारली," सेनेवर म्हणाली. "माझं शोरब्याचं भांडं तुमच्याकडून परत आलं तेव्हा तळाशी पिसं होती."

बायका हसल्या. तुर्सुनायही हसली.

मग राहिले मी. क्लारा माझ्या मागे उभी होती. तिने माझी बाही धरली आणि हळूच ओढली. एवढ्यासाठीच तिने ते पत्र लिहिलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"वहिनी, तुम्ही राजी आहात?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मरणाऱ्या बाईला दारात अडवणारी मी कोण, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. त्यांतल्या एकीच्याही डोक्यावर टोपी घातलेली नव्हती.

"राजी आहे," मी म्हणाले. स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मुल्लांनी दुवेसाठी हात उचलले. सेनेवरने उचलले नाहीत. माझ्याकडे बघत राहिली.

"वहिनी, वाचून दाखवलंत," ती म्हणाली.

"काय वाचलं?"

"बावीस वर्षं मी दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचलं. मनातलं बोलताना माणसाचा श्वास कुठेतरी अडतो. तुमचा अडला नाही."

मुल्ला बाहेरून म्हणाले, "बाई, तोंडाने म्हटलं की झालं. मनातलं अल्ला बघेल."

"मुल्लासाहेब, तुम्हाला चालेल. मला नाही चालत."

मला तेव्हा काहीतरी बोलता आलं असतं. बायका पायातल्या जोड्यांकडे बघत बसल्या. क्लाराने माझी बाही सोडली. सेनेवरचं म्हणणं खरं होतं.

त्यानंतर ती आठ दिवस होती. मी तिचं सगळं केलं. पाजलं, पुसलं, कूस बदलली. तिने पुन्हा विचारलं नाही आणि मी पुन्हा म्हटलं नाही. एकदा भात भरवताना ती म्हणाली, "तुमच्या हाताला चव तीच आहे." मी म्हटलं, "गिळ आधी." शेवटच्या दिवशी सकाळी सासूबाईंसारखं मी तिच्या उशाशी पढायला बसले. तिचे ओठ हलत होते. आयत म्हणत होती की पाणी मागत होती, सांगता येणार नाही. मी चमच्याने पाणीही घातलं.

अंघोळ मी घातली, तुर्सुनायने पाणी ओतलं. सातव्या दिवशी तेलात पोळ्या तळल्या, त्या वासाने मेलेल्याला बरं वाटतं म्हणून. क्लाराने वाडीभर वाटल्या. मी रोज पाच वेळा नमाज पढले आणि अल्लाला एवढंच सांगितलं की त्या खोट्या शब्दाचा जाब मला विचार, तिला नको.

परवाना संपायच्या दिवशी क्लारा मला गाडीवर सोडायला आली. गाडी लागल्यावर म्हणाली, "मामी, खरंच राजी नव्हतात?"

"नव्हते."

"आणि आता?"

"आता गाडी सुटेल," मी म्हटलं.

तिने माझं बोचकं उचललं, आत सीटखाली ढकललं आणि मागे न बघता उतरली.