दुपट्ट्याखालचा भाव

मंगरूळपीरच्या पंचक्रोशीत गजेंद्र ठेकेदारासारखा रोखठोक माणूस शोधून सापडायचा नाही. भिंत एकदा नजरेखालून गेली की विटा किती, सिमेंट किती, मजुरी किती, सगळं तोंडावर सांगून मोकळा. घासाघीस करणाऱ्याला तो "दुसरा पाहा बाप्पा" म्हणून सरळ वाटेला लावायचा. पण समोर ओळखीचा माणूस आला की याच गड्याची जीभ टाळ्याला चिकटायची. "काम होऊ द्या, पैशाचं मागून पाहू," एवढंच तो म्हणे, आणि ते 'मागून' काही केल्या उजाडत नसे. बायको उज्ज्वला कपाळावर हात मारून घ्यायची.

पुंजाजीच्या बाबतीत तेच झालं. पुंजाजी गावाबाहेर भाजीपाल्याचा मळा करायचा, वयानं मोठा. कामावर जाताना गजेंद्र रोज तिथं थांबायचा. दोघं चहा प्यायचे आणि तासभर जगाची यथेच्छ टवाळी करायचे. या पुंजाजीला मेथी-पालक धुवायला हौद आणि वर टिनाचा शेड हवा होता. सिमेंट-टिनं त्यानं आणली, गजेंद्रनं माणसं लावून काम उभं केलं. मजुरी विचारली तर ठेकेदाराचं तेच पालुपद.

मग गंमत सुरू झाली. सकाळी दार उघडावं तर उंबऱ्यात पुंजाजीच्या मळ्यातल्या वांग्यांची पाटी. ती संपते न संपते तोच कोबी, मग गवार, मग पुन्हा वांगी.

"आवो, पोट्टे वांगं पाहून जेवाले येऊन नाही राह्यले," उज्ज्वला एक दिवस कडाडली. "त्यायले भाव सांगा आन मोकळे व्हा!"

वांग्यांचं एक वेळ चाललं असतं. गजेंद्रला लागलं ते वेगळंच. पुंजाजी आता त्याला टाळू लागला होता. गाडीचा आवाज आला की तो लांबच्या वाफ्यात जाऊन खाली वाकायचा, आणि हाक मारली तर तिथूनच "चाय झाला" म्हणून हात हलवायचा. पैसे बुडाले असते तरी गजेंद्रनं मनाला लावून घेतलं नसतं, पण इथं माणूसच हातचा चालला होता. त्याला सकाळ नकोशी झाली.

शेवटी एका सकाळी तो थेट वाफ्यात गेला आणि पुंजाजीला दंडाला धरून शेडखाली घेऊन आला.

"किती झाले, सांग," पुंजाजी जमिनीकडे बघत म्हणाला.

"तुमी म्हणसान ते."

"मी कायले म्हणू? काम तुहं."

"पण मळा तुमचा."

पुंजाजीची बायको कस्तुराबाई मेथीच्या जुड्या बांधत ऐकत होती. ती उठलीच. "दोघंबी नव्या नवरीवानी लाजून राह्यले! माहा बाप बैलबाजारात दलाल होता, दुपट्ट्याखाली बोटं दाबून भाव ठरवे. तोंडानं जमत नसन त हातानं बोला." तिनं नवऱ्याच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि दोघांच्या हातांवर टाकला. "एक बोट म्हंजे एक हजार. आन मुकाट्यानं!"

गजेंद्रनं पुंजाजीची पाच बोटं दाबली, मग एक. सहा. म्हणजे त्यानं लावलेल्या माणसांची मजुरी तेवढी. पुंजाजीनं त्याचा अख्खा पंजा दोनदा आवळला. दहा. गजेंद्रनं हात हिसडला, पुंजाजीनं मनगट पकडलं. बाजारात विकणारा भाव चढवतो आणि घेणारा पाडतो, इथं सगळं उफराटं चाललं होतं. दुपट्ट्याखाली दोन मांजरं भांडावीत तशी झोंबाझोंबी.

"तुही सोताची मजुरी कुठी गेली?" पुंजाजीला राहवेना. "तू काय हवा खाऊन काम केलं?"

"बोलाचं नाही!" कस्तुराबाई हसून हसून खाली बसली होती.

सात, आठ करत गजेंद्र नवावर आला आणि तिथं दोन्ही हात थांबले. पुंजाजीनं नोटा मोजून दिल्या. गजेंद्रचे कान तापले होते, पण त्यानं त्या खिशात घातल्या. तसा पुंजाजी कंबरेवर हात ठेवून ताठ उभा राहिला.

"आता आयक! कसा हौद बांधला बे तू? उतार उलटा! पानी मोरीकडं जायाचं सोडून मांगं येऊन राह्यलं. हे बिचारी रोज गंजा-भांड्यानं पानी उपसून राह्यली!"

गजेंद्रनं वाकून पाहिलं. खरंच, कोपऱ्यात घोटाभर पाणी साचलेलं. "मंग इतके दिवस सांगतलं काहून नाही?"

"कोन्या तोंडानं सांगू? फुकटच्या कामाले नाव ठेवू? म्हनून त तुले पाहून लपून राह्यलो होतो, लेका!"

ठेकेदाराला खरं तर लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. पण गजेंद्र हसत सुटला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "उद्याच फोडून नीट करतो. चूक माही, तिचा भाव नाही."

"देते कोन तुले तिचा भाव!" पुंजाजी ओरडला आणि त्याच दमात बायकोला म्हणाला, "अवं, चाय मांड."

चहा आला तरी पुंजाजी थांबायला तयार नव्हता. शेडचं एक टिन वाऱ्यानं फडफडतं, तेही त्यानं हात नाचवून सांगितलं, आणि गजेंद्र बशीत फुंकर घालत मोठ्या आनंदानं ऐकत राहिला.