बारावी सुई

दुष्काळात आमच्या आष्टीकडच्या गावात बायकांची गोधड्या शिवायची सहकारी सोसायटी निघाली. तिथल्या जुन्या सुया एक मावशी सांभाळायची. काम संपलं की ती विटेच्या भुकटीनं सुयांचा गंज काढायची, एकेक सुई स्वतःच्या तेलकट केसांतून फिरवायची आणि मोजत मोजत फडक्यात टोचून ठेवायची. मधे कुणी बोललं की खेकसायची, "गप बसा गं! हरवलेली सुई काय हाक मारती का?"

त्या दिवशी ती अकरावरच थांबली. सुया बारा होत्या. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी नुकत्याच शिवलेल्या गोधडीवर माझी तान्ही लेक झोपली होती.

"सरळ वर उचल तिला. वढू नको."

मी लेकीला सरळ वर उचलून घेतलं. मावशी उघडा तळहात गोधडीवर दाबत काठाकडून आत सरकू लागली.

"मावशी, काठीनं बघ की."

"काठीला कळत न्हाई."

लेकीची मान होती तिथं तिचा हात थांबला.

"बारा," ती म्हणाली.

सुई तळहातात अर्धी रुतली होती. ती उपसून तिनं आधी सुईवरचं रक्त पुसलं, केसांतून फिरवली, फडक्यात टोचली. हाताकडं तिनं त्यानंतर पाहिलं.